आधी गोडी, मग बोली

मैत्रिणींनो, परीक्षेचे निकाल लागले की आपल्या बायकांच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं. "इंग्रजीत ऐंशीच्या वर पडले हो, पण चार वाक्यं बोल म्हटलं की तोंडाला कुलूप!" तुम्हीही हे ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. आमच्या कुपवाडात ते पिठाच्या गिरणीत ऐकू येतं, भाजीच्या गाड्यापाशी ऐकू येतं, हळदीकुंकवाला तर येतंच येतं. आणि त्यामागची काळजी काही खोटी नसते. आमच्याकडे घरटी एक माणूस एमआयडीसीत. कोणी फाउंड्रीत, कोणी लेथवर, कोणी पॅकिंगला. आयुष्यभर मशीनपाशी उभं राहून घाम गाळणाऱ्या बापाला वाटतं, आपल्या पोरानं काचेपलीकडच्या केबिनमध्ये बसावं. आणि त्या केबिनमधली भाषा इंग्रजी, असं त्याच्या मनानं पक्कं धरलेलं असतं.

आमच्या शेजारच्या वहिनींची गोष्ट सांगते. त्यांच्या दिरांची मुलगी डिप्लोमा पहिल्या वर्गात पास झाली. एका कंपनीत मुलाखतीला गेली. तिथं तिला इंग्रजीतून स्वतःविषयी सांगायला सांगितलं. नाव आणि गाव सांगून झाल्यावर पुढं शब्दच फुटेना. मशीन ड्रॉइंगचं विचारलं असतं तर तिनं भराभर कागदावर काढून दाखवलं असतं, पण तिथवर गाडी गेलीच नाही. पोर घरी येऊन दोन दिवस नीट जेवली नाही. तेव्हापासून आमच्या वहिनींनी धसका घेतला. त्यांची स्वतःची लेक नववीला, हुशार, पण इंग्रजी बोलायच्या नावानं शून्य. वहिनींची भिशी लागली होती, ते सगळे पैसे लेकीच्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासला भरायचं त्यांनी ठरवलं. मला विचारायला आल्या, "काय करू सांगा. भरू का पैसे?"

मी काही शिक्षिका नाही. पण या मुलांना मी रोज पाहते. दुपारी चार वाजले की आमच्या ओट्यावर त्यांचाच दरबार भरतो. म्हणून म्हटलं, "वहिनी, आठ दिवस थांबा. आधी आपण पोरीकडं नीट बघू या."

त्याचं कारण होतं त्यांचा धाकटा. तो सातवीत. त्याच शाळेत, त्याच बाईंच्या हाताखाली, त्याच घरात वाढलेला. परीक्षेत इंग्रजीला जेमतेम पन्नास. पण गल्लीत क्रिकेट सुरू झालं की हा दगडावर उभा राहून इंग्रजीत कॉमेंट्री करतो! 'शॉर्ट ऑफ अ लेंग्थ', 'पुल्स इट अवे टू द बाउंडरी', रिक्वायर्ड रन रेट आणि काय काय. उच्चार असे स्वच्छ, की ऐकत राहावं. त्याला हे कोणी शिकवलं? कोणीच नाही. मॅच बघताना समोरचा माणूस काय बोलतो हे कळल्यावाचून त्याला चैन पडत नव्हती, एवढंच. ताईकडं गुण होते, याच्याकडं गोडी होती.

पण मैत्रिणींनो, इथंच थांबलं तर आपली फसगत होईल. मी त्याला एकदा विचारलं, "काल शाळेला का गेला नाहीस, हे इंग्रजीत सांग बरं." झालं! स्वारी डोकं खाजवायला लागली. म्हणजे गोडीनं त्याला शब्द दिले, उच्चार दिले, धीर दिला. पण कॉमेंट्री ही एकतर्फी असते. कोणी काही विचारत नाही, उत्तर द्यावं लागत नाही. बोलणं म्हणजे दोन माणसांचा व्यवहार. नुसत्या गोडीनं तो जमत नाही, आणि गोडीवाचून तर तो सुरूच होत नाही.

या विषयावर शिक्षणशास्त्रातल्या मंडळींनी बराच विचार केलेला आहे. सुझॅन हिडी आणि अॅन रेनिंजर या दोन विदुषींनी 2006 साली मांडलं, की आवड ही चार पायऱ्यांनी वाढते. पहिल्यांदा काहीतरी घडतं आणि क्षणभर कुतूहल जागं होतं. मग आजूबाजूची माणसं, परिस्थिती ते टिकवून धरतात. तिसऱ्या पायरीवर मूल आपणहून त्या गोष्टीकडं वळायला लागतं. आणि चौथ्या पायरीवर ती आवड त्याची स्वतःची होते, मग अडचण आली तरी ते मागं हटत नाही. मला हे वाचून आपल्या विरजणाची आठवण झाली. चमचाभर विरजण लावलं की काम संपत नाही. दूध कोमट हवं, भांडं उबेत ठेवायला हवं, आणि मुख्य म्हणजे दर पाच मिनिटांनी ढवळून बघायचं नाही. आपण बऱ्याच जणी विरजण लावतो आणि लागलीच ढवळतो. "बोल ना आता! एवढे पैसे भरले, बोल!"

आता वहिनींच्या लेकीकडं वळते. तिला आवड नव्हती का? तसंही नव्हतं. धडे तिला पाठ, निबंध सुंदर, अक्षर तर मोत्यासारखं. मग कुलूप कशाचं? हळूहळू तिच्याकडूनच कळलं. सहावीत असताना वर्गात धडा वाचताना तिनं 'व्हेजिटेबल' हा शब्द आपल्या लाकडी टेबलासारखा उच्चारला. सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या. सहावीतली गोष्ट, पण ते हसू पोरीच्या कानात नववीपर्यंत वाजत होतं. त्या दिवसापासून तिनं वर्गात स्वतःहून इंग्रजीत तोंड उघडलं नाही. लिहिताना कोणी हसत नाही, म्हणून ती लिहीत राहिली. गुणही म्हणून लेखीत.

ही भीती इतकी सार्वत्रिक आहे, की 1986 साली एलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परक्या भाषेच्या वर्गातली धास्ती मोजण्यासाठी 33 विधानांची एक प्रश्नावलीच तयार केली. जगभर ती अजून वापरतात. आपल्याला काही प्रश्नावली लागत नाही. मूल इंग्रजी बोलताना आधी आजूबाजूला बघतं का, एवढं पाहिलं की पुरे.

माझाच अनुभव सांगते. माझं माहेर कऱ्हाडचं, घरात चोख मराठी. लग्न होऊन इकडं आले तर सासूबाई आणि आत्याबाई आपसांत कानडीत बोलायच्या. सीमेजवळचा मुलूख आमचा, इथं घरोघर असं चालतंच. मी पोळ्या लाटतेय आणि मागं दोघींचं कानडीत हसणं चाललंय! आता तुम्हीच सांगा, नव्या सुनेला चैन पडेल का? त्या काय बोलतात हे मला कळायलाच हवं होतं. ना पुस्तक, ना क्लास, ना व्याकरण. आधी तीन-चार महिने नुसतं ऐकलं. मग एके दिवशी जेवणं झाली का, एवढंच कानडीत विचारलं. आणि सासूबाईंचा मोठेपणा बघा. माझा शब्द चुकला तर त्या हसल्या नाहीत, की चूक दाखवली नाही. तेच वाक्य बरोबर करून सहज परत म्हणायच्या आणि उत्तर द्यायच्या. की संपलं. वर्षभरात मी बाजारात कानडीतून घासाघीस करायला लागले. तुमच्यापैकी कित्येकींनी असंच सासरी येऊन नवं बोलणं उचललं असेल. वऱ्हाडातली कोल्हापुरात गेली असेल, बेळगावची पुण्यात आली असेल. म्हणजे भाषा कशी येते हे आपल्याला ठाऊक आहे. ऐकायची निकड, बोलायचं कारण आणि न हसणारं माणूस. एवढ्या तीनच गोष्टी लागतात.

आपल्या जिल्ह्याचंच एक उदाहरण देते. रमाबाई रानडे या मूळच्या देवराष्ट्र्याच्या, आपल्या सांगली जिल्ह्यातल्या. 1873 साली, अकराव्या वर्षी लग्न होऊन त्या न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांच्या घरी आल्या, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. नवऱ्यानं मराठी शिकवली, मग इंग्रजी. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांची टोचणी काही थोडी नव्हती. बाईमाणसानं इंग्रजी शिकायचं म्हणजे काय, या विचारानं त्यांना टोमणे बसत. 1910 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत रमाबाईंनी हे सारं मोकळेपणी लिहिलं आहे. तरी पुढं त्या मराठीत बोलल्या, इंग्रजीतही बोलल्या आणि पुण्याच्या सेवासदनाचं एवढं काम उभं केलं. घरात हसणारी माणसं होती, पण पाठीशी न हसणारं एक माणूस होतं. ते एकच पुरलं.

दुसरं उदाहरण डॉक्टर आनंदीबाई जोशींचं. गोपाळरावांनी बायकोला शिकवण्याचा केवढा हट्ट धरला, ते आपण सगळ्या जाणतो. पण हट्ट नवऱ्याचा होता, तो आनंदीबाईंचा केव्हा झाला? कोवळ्या वयात त्यांचं तान्हं बाळ गेलं, आणि बायकांना तपासायला बाई डॉक्टर हवी हे त्यांच्या मनानं घेतलं, तेव्हा. शिवाय अमेरिकेतल्या कार्पेंटर नावाच्या एका बाईंशी त्यांचा पत्रव्यवहार चालला होता. त्यांना त्या मावशी मानत. मनातलं सगळं त्या मावशीला इंग्रजीत लिहायचं, आणि तिकडून मायेचं उत्तर यायचं. मग 24 फेब्रुवारी 1883 रोजी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात सभेपुढं उभं राहून, आपण अमेरिकेला का जाणार, हे त्यांनी इंग्रजीतून सांगितलं. वय अठराही पुरं नव्हतं! लोक त्यांना जे जे प्रश्न विचारून भंडावत होते, त्या प्रश्नांनाच एकेक करून त्यांनी उत्तरं दिली. 1886 साली त्या फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या. त्या सभेत त्या काही 'माझी आवडती मैत्रीण' या विषयावर बोलल्या नव्हत्या. जे सांगितल्यावाचून राहवत नव्हतं, तेच बोलल्या.

आपल्या मुलांना आपण काय बोलायला लावतो? माय बेस्ट फ्रेंड, माय फेवरिट सीझन. पाठ करा आणि म्हणा. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. आपल्यातल्या बऱ्याच जणींची इंग्रजीशी गाठ पाचवीत पडली, ही मुलं तर सहाव्या वर्षापासून शिकताहेत. दहावीपर्यंत दहा वर्षं. तरी बोलत का नाहीत? दहा वर्षांत त्यांना इंग्रजीतून सांगण्याजोगं असं फारसं काही कोणी विचारलेलंच नसतं.

शेजारच्या कर्नाटकात यावर एक प्रयोग झाला होता. 1979 ते 1984 या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगलोर आणि दक्षिणेतल्या काही साध्या शाळांत इंग्रजी वेगळ्या रीतीनं शिकवून पाहिलं. व्याकरणाचे नियम घोकायचे नाहीत. त्याऐवजी मुलांपुढं एक कोडं ठेवायचं. हे रेल्वेचं वेळापत्रक, हा नकाशा, आता अमक्या ठिकाणी अमक्या वेळेला पोचायचं तर कोणती गाडी? मुलं उत्तराच्या मागं लागली, की भाषेची धास्ती विसरतात, आणि भाषा नकळत आत मुरते, असा त्यामागचा विचार. पहिल्यापासून बोललंच पाहिजे अशी सक्तीही त्यात नव्हती. आधी समजू द्या, बोलणं मागून येतं. आपलं मिरज जंक्शन तर हाकेच्या अंतरावर. तुम्हीही रविवारी मुलांना वेळापत्रक देऊन बघा. "समज, तुला पुण्याला मामाकडं बारापर्यंत पोचायचंय. कोणती ट्रेन? व्हाय?" त्या 'व्हाय'चं उत्तर देताना पोरं कशी रंगतात ते पाहण्यासारखं असतं.

आता आमच्या वहिनींच्या लेकीचं पुढं काय झालं ते सांगते. डिसेंबरात त्यांच्याकडं पाहुणी आली. नात्यातलीच मुलगी, नऊ वर्षांची, अमेरिकेत जन्मलेली. आजीचं मराठी तिला थोडं समजायचं, बोलता मात्र यायचं नाही. वहिनींची लेक ठिपक्यांची रांगोळी फार सुरेख काढते. ते बघून ही चिमुरडी तिच्या मागंच लागली, मला शिकव म्हणून. आता आली का पंचाईत! चिमूट कशी धरायची, रेघ एकसारखी कशी सोडायची, ठिपका कुठं सोडायचा, हे सांगणार कशात?

पहिल्या दिवशी मी ओट्यावरून ऐकत होते. "नो, नो. नॉट लाइक दॅट. सी माय फिंगर. स्लोली." एवढंच. शब्द तुटक, हातवारे जास्त. पण पाहुणीला हसायची फुरसतच नव्हती, तिचं सगळं लक्ष रांगोळीत. चौथ्या-पाचव्या दिवशी कानावर आलं, "इफ यू प्रेस टू मच, द लाइन बिकम्स थिक." मैत्रिणींनो, मी हातातली भाजी निवडायची थांबले. हे 'इफ'चं वाक्य तिनं वहीत शंभर वेळा लिहिलं असेल. तोंडातून पहिल्यांदा आलं ते रेघ जाड होऊ नये म्हणून!

पाहुणी पंधरा दिवसांनी गेली, आणि मला धाकधूक होती की पोर पुन्हा गप्प होणार. पण वहिनींनी शहाणपणा केला. त्या म्हणाल्या, "तिला दर रविवारी एक नवी रांगोळी पाठव, आणि कशी काढायची ते फोनवर बोलून पाठव." आता ही रेकॉर्ड करते, स्वतः ऐकते, पसंत नाही पडलं तर पुसून पुन्हा बोलते. कोणी सांगत नाही, कोणी ओरडत नाही.

मी खोटं सांगणार नाही. शाळेच्या तोंडी परीक्षेत पाठ केलेल्या विषयावर ती अजून अडखळते. चमत्कार काही झालेला नाही. पण यंदा बाईंनी "एनी हॉबी?" असं विचारलं, तेव्हा ती रांगोळीवर दोन मिनिटं थांबल्यावाचून बोलली, आणि एक शब्द चुकला तर स्वतःच हसून पुढं गेली. एकदा जमलं म्हणून आवड वाढली, आवड वाढली म्हणून आणखी जमलं. हे चाक दोन्हीकडून फिरतं. पहिला धक्का मात्र कोणीतरी द्यावा लागतो.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठं इंग्रजी येतं? अहो, न येणं ही तर सोयच आहे! आईनं विचारावं, "या शांपूच्या बाटलीवर काय लिहिलंय रे? मला नीट सांग." मुलाला शिक्षक व्हायला फार आवडतं. स्वयंपाक करताना केकची कृती इंग्रजीतून त्याला वाचायला लावा आणि तुम्ही तसं करत जा. मुलीला भरतकाम आवडतं, मुलाला गाड्यांची इंजिनं आवडतात, कोणाला मांजरं. जे आवडतं त्याचंच इंग्रजी घरात येऊ द्या. रोज दहा मिनिटं पुरेत, पण ती दहा मिनिटं चूक काढायची नाही. वाक्य पुरं होऊ द्या. शब्द चुकला आणि तुम्हाला बरोबर येत असेल, तर माझ्या सासूबाईंसारखा सहज परत म्हणा. पाहुण्यांसमोर "अंकलना इंग्रजीत पोएम म्हणून दाखव" हे तर मुळीच नको. आणि भावंडांना एकमेकांच्या उच्चारावर हसू देऊ नका, घरात एवढा एक कायदा करा.

आणखी एक सांगते. इंग्रजीच्या नादात मराठी गोष्टीची पुस्तकं घरातून हद्दपार करू नका. ज्या मुलाला मराठीत "का?" आणि "मग?" विचारायची सवय आहे, त्याच्याकडंच इंग्रजीत सांगण्यासारखं काही असतं.

क्लास वाईट, असं मी म्हणत नाही. चांगला क्लास जरूर उपयोगी पडतो, पण मूल तिथं स्वतःच्या पायांनी गेलं पाहिजे. वहिनींचे भिशीचे पैसे अजून कपाटात आहेत. परवा लेकच त्यांना म्हणाली, "आई, सुट्टीत मला लावतेस का गं क्लास? मला थोडं भराभर बोलायचंय." वहिनींनी आनंदानं हो म्हटलं. आता ते पैसे सत्कारणी लागतील, याची मला खात्री आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, या रविवारी मुलांच्या गुणपत्रिका जरा बाजूला ठेवा. आपलं मूल कशाबद्दल बोलताना जेवायचं विसरतं, ते शोधा. तिथूनच सुरुवात करा.